दम्याचा झटका आणि 'तीन दिवसांचा कोर्स'

दिवाळी उलटली की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात थंडी उतरते. त्यात कापसाची धूळ आणि शेकोट्यांचा धूर. नेरडीगोंड्यात ज्यांच्या घरी दम्याचे, तेलुगूत ज्याला उब्बसम म्हणतात त्याचे, रुग्ण आहेत, त्यांना हे दिवस जड जातात. आधी नाक गळते, मग खोकला छातीत उतरतो आणि रात्री धाप लागते. सकाळी कोणीतरी मेडिकलवर जाऊन अँटिबायोटिकचा 'तीन दिवसांचा कोर्स' घेऊन येते.

आमच्या घरीही अनेक वर्षे हेच चालले. एकदा कोर्स संपला तरी धाप थांबेना, आणि चौथ्या रात्री गाडी करून आदिलाबाद गाठावे लागले. तिथे वाफेतून औषध दिले, स्टेरॉइड दिले, तेव्हा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "पंप किती वेळा घेतला?" पंप कपाटात होता. गोळ्या चालू आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. सर्दी झाली की ती सूज वाढते, नळ्या आवळतात, कफ साचतो. बहुतेक झटक्यांमागे सर्दीचे विषाणू असतात आणि अँटिबायोटिक मारते ते जिवाणूंना. विषाणूंवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. कफ पिवळा किंवा हिरवा दिसला म्हणजे जिवाणूच, असेही नाही. दम्यातल्या सुजेच्या पेशींमुळेही कफाला तसा रंग येतो.

मग गोळ्यांनी बरे कसे वाटते? सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. शिवाय बऱ्याचदा त्याच पुडीत स्टेरॉइडची गोळीही असते. आराम तिने दिलेला असतो, श्रेय अँटिबायोटिकला मिळते. बँकेच्या भाषेत, रक्कम एकाची आणि जमा दुसऱ्याच्या खात्यात!

२०१६ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका आलेल्या १९९ रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर कोणाला तीन दिवस अझिथ्रोमायसिन, कोणाला नुसती औषध नसलेली गोळी दिली. दहाव्या दिवशी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. गंमत म्हणजे दोन हजारांवर रुग्ण अभ्यासात घेताच आले नाहीत, कारण त्यांनी आधीच अँटिबायोटिक घेतले होते. म्हणजे ही सवय आपलीच नाही.

अँटिबायोटिक कधीच नको, असे मात्र नाही. न्यूमोनिया झाला तर ते लागतेच. जोराचा ताप, श्वास घेताना छातीत दुखणे ही लक्षणे असली तर डॉक्टर तपासून, एक्स-रे काढून ठरवतात. काही अवघड दम्यात तज्ज्ञ डॉक्टर अझिथ्रोमायसिन महिनोन्महिने देतात, पण तो निराळा उपचार आहे आणि त्यांच्या देखरेखीखालीच चालतो.

विनाकारण घेतलेल्या गोळीचे तोटे आहेत. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी क्षयरोग काही काळ दबतो आणि निदान लांबते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, ती आधी करावी. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन घेतले, तर थिओफिलिन रक्तात वाढून उलट्या, धडधड, क्वचित झटकेही येतात. आणि वारंवार घेतलेले औषध खऱ्या गरजेच्या वेळी लागू पडेनासे होते.

पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्ससाठी दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहावे लागते. ती वही किती ठिकाणी उघडली जाते, हे आपण सगळे जाणतो.

मृगाला हैदराबादच्या माशाच्या प्रसादासाठी आपल्याकडूनही मंडळी जातात. श्रद्धेने जावे, पण रोजचा पंप बंद करू नये. स्टेरॉइडचा पंप बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो आणि घेतल्यावर चूळ भरायची असते. झटक्यात लगेच घ्यायचा पंप कोणता, किती वेळा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. आमचा कागद आता फ्रिजवर चिकटवलेला आहे. पंप घेऊनही धाप कमी होईना, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा.