आपलेच रक्त, आपलाच गुडघा

माणूस म्हातारा होण्याआधी त्याचे गुडघे म्हातारे होतात. आमच्या धाटावात तर कारखान्यांत पाळीवर उभे राहणारे आणि आवणात वाकून लावणी करणारे, असे दोन्ही प्रकारचे गुडघे कुरकुरताना आढळतात. अशांसाठी हल्ली एका नव्या उपायाची फार वाखाणणी होते. त्याचे नाव पीआरपी.

रीत सोपी आहे. आपल्याच दंडातून थोडे रक्त काढून ते यंत्रात गरगर फिरवतात. ताकातून लोणी निघावे, तसा प्लेटलेटनी भरलेला पिवळसर द्रव निराळा होतो. तो सांध्यात टोचतात. जखम झाली की प्लेटलेट रक्त थांबवतात आणि ती भरून येण्यास चालना देणारी द्रव्ये सोडतात. सांध्यातही त्यांनी तेच करावे, ही आशा.

आमच्या वहिनींच्या गुडघ्यावरून घरात दोन तट पडले. एक म्हणे इंजेक्शन, दुसरा म्हणे शस्त्रक्रिया. गाठीला पैसे मात्र एकाच गोष्टीपुरते! म्हणून मी चौकशीला लागलो.

रक्त आपलेच असल्याने ॲलर्जीचे भय नगण्य. झीज थोडी असेल तर काहींच्या वेदना काही महिने कमी होतात, असे काही चाचण्यांत दिसले आहे. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत २८८ जणांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले होते. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वेदनेत वा कूर्चेच्या झिजेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवताना काही शल्यविशारद हा द्रव वापरतात. तिथेही निष्कर्ष एकमुखी नाहीत.

टोचल्यावर काही दिवस ठणका व सूज येते, क्वचित सांध्यात जंतुसंसर्गही होतो. वहिनींच्या एक्स-रेत हाडाला हाड लागलेले दिसले. संपलेली कूर्चा इंजेक्शनाने परत उगवत नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले आणि त्यांनी शस्त्रक्रियाच पत्करली. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातल्याने त्यांचा भारही थोडा हलका झाला.

तेव्हा वाचकहो, सुईपुढे गुडघा करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: झीज कितपत आहे? एकूण किती इंजेक्शने आणि किती खर्च? गुण न आला तर पुढे काय? रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, प्लेटलेट कमी असतील किंवा अंगात कुठे जंतुसंसर्ग असेल, तर तेही आधी सांगा. आणि व्यायाम व वजन यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. तो उपाय जुना खरा, पण त्याला सुई लागत नाही.