हृदयातली गाठ की गुठळी?

टोकावड्याहून कल्याण-मुंबईला जाऊन 'इको' केला आणि अहवालात 'हृदयात गोळा' असं आलं, की घरचे विचारतात, "कॅन्सर आहे का?" श्रोतेहो, मी त्यांना सांगतो, आधी ती गाठ आहे की रक्ताची गुठळी, ते पाहू.

इकोत ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय पडद्यावर दिसतं. 'मिक्सोमा' ही गाठ कॅन्सरची नसते. ती बहुधा डाव्या वरच्या कप्प्यात मधल्या पडद्याला देठाने लोंबते, ठोक्यागणिक झोके घेते. गुठळीला सहसा देठ नसतो. रक्त साचतं तिथे ती धरते : झडप अरुंद झाली असेल तर वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात, हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयाच्या न हलणाऱ्या टोकाशी. शंका उरल्यास अन्ननलिकेतून इको करतात.

गुठळीवर मुख्यतः रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात. गाठ मात्र शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. स्टॉकहोममध्ये १९५४ साली ती प्रथम यशस्वी झाली. दोन्हींचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होऊ शकतो, म्हणून उशीर नको. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, पूर्वी अ‍ॅटॅक आला होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. नुसत्या चित्रावरून सगळं कळत नाही.