मिलस्टाइन यांच्या अमर पेशी

रक्तगट तपासायचा असला की लॅबमधला तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवतो आणि दोन छोट्या बाटल्या उघडतो. निळ्या द्रवाची अँटी-ए, पिवळ्या द्रवाची अँटी-बी. थेंबात थेंब मिसळतो. रक्त दाणेदार झालं, तर गट कळला. तालुक्याच्या लॅबमध्ये हेच आणि पुण्याच्या ससूनमध्येही हेच. एके काळी हा द्रव माणसांच्या रक्तापासून करावा लागे आणि दाता बदलला की त्याचा गुणही बदले. आज त्यातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून येतात. एकाच पेशीच्या वंशातली, एकसारखी, हवी तेवढी. अशा पेशी घडवण्याची युक्ती केंब्रिजमध्ये १९७५ साली निघाली. ज्यांच्या प्रयोगशाळेत ती निघाली, ते सेसार मिलस्टाइन तेव्हा भलतंच काही शोधत होते.

मिलस्टाइन अर्जेंटिनाचे. ८ ऑक्टोबर १९२७ रोजी बाहिया ब्लांका गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण ब्वेनोस आइरेसला. पदवी झाली तशी सेलिया यांच्याशी लग्न केलं आणि दोघं वर्षभर मिळेल त्या वाहनाला हात दाखवत युरोपभर हिंडले. परतल्यावर पीएचडीचं संशोधन आणि पोटासाठी रोज काही तास रक्त-लघवीच्या तपासण्या, असा दिनक्रम होता. तिथून ते केंब्रिजला गेले आणि फ्रेडरिक सँगर यांच्या सहवासात आले. प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम वाचता येतो, हे सँगर यांनी इन्शुलिनवर दाखवून दिलं होतं.

१९६१ मध्ये ते मायदेशी परतले. मालब्रान संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा नवा विभाग त्यांच्याकडे आला. पण पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता उलथवली, संस्थेच्या संचालकांना घालवलं आणि मिलस्टाइन यांच्या विभागातल्या लोकांनाही काढून टाकलं. त्यांनी राजीनामा दिला. १९६३ साली ते पुन्हा केंब्रिजला, मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. अर्जेंटिनाच्या लष्कराने आपल्या देशाचं किती नुकसान केलं याची यादी लांबलचक आहे. मिलस्टाइन हे नाव तिच्यात फार वर यावं.

एन्झाइमं सोडून प्रतिपिंडांकडे वळा, असं सँगर यांनीच सुचवलं. प्रश्नही तसाच मोठा होता. शरीराने कधी न पाहिलेला जंतू आला, तरी त्याला चिकटणारं प्रतिपिंड तयार होतं. अशी लाखो प्रकारची प्रथिनं आणि त्यांच्या मानाने जनुकं मात्र मोजकी. हे जमतं कसं? १९६६ मध्ये सहकारी सिडनी ब्रेनर यांच्यासोबत मिलस्टाइन यांनी एक धाडसी तर्क मांडला: प्रतिपिंड करणारी पेशी आपल्याच डीएनएला इजा करून घेत असावी आणि ती दुरुस्त करताना मुद्दाम चुका होऊ देत असावी. चुकांमधून विविधता येते.

तर्क तपासायचा, तर अशा चुका होताना पाहायला हव्यात. म्हणून त्यांच्या गटाने मायलोमाच्या, म्हणजे प्रतिपिंडं करणाऱ्या पेशींच्या कर्करोगातल्या, हजारो पेशीवंशांची छाननी केली. पण मायलोमाच्या पेशी ढीगभर प्रतिपिंड करतात आणि ते नेमकं कशाला चिकटतं हे कळत नाही. कशासाठी केलंय तेच माहीत नसलेल्या किल्लीत बदल झाला, तर ओळखायचा कसा?

१९७३ साली मिलस्टाइन यांचं बाझेलला व्याख्यान झालं. श्रोत्यांत पीएचडी करणारा जॉर्ज कोलर हा तरुण जर्मन होता. पुढच्या वर्षी तो केंब्रिजला आला. ठरलं ते असं: उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचायच्या, म्हणजे त्याच्या प्लीहेत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड करणाऱ्या पेशी तयार होतील. या पेशी बशीत फार तर काही दिवस जगतात. मायलोमाची पेशी मात्र मरतच नाही. दोघींना एकत्र जुळवायचं आणि एकीचं कसब दुसरीच्या आयुष्याला जोडायचं.

जुळवणं त्या मानाने सोपं होतं. निष्क्रिय केलेला सेंडाई विषाणू पेशींची आवरणं एकमेकींत विरघळवतो, हे आधीच ठाऊक होतं. अवघड होतं ते नको असलेल्या गर्दीतून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणं. यासाठी हॅट नावाचं पोषण-द्रावण वापरलं. त्यातलं एक औषध डीएनएचा कच्चा माल करण्याचा मुख्य मार्ग बंद करतं. पर्यायी मार्ग असतो, पण त्याला एक एन्झाइम लागतं आणि वापरलेल्या मायलोमात ते नव्हतं. त्यामुळे एकट्या मायलोमा पेशी उपासमारीने मेल्या, प्लीहेच्या पेशी आयुष्य संपून मेल्या आणि एन्झाइम व अमरत्व दोन्ही असलेल्या संकरित पेशीच तेवढ्या उरल्या. यांनाच पुढे हायब्रिडोमा म्हणू लागले.

निकाल पाहण्याची पद्धतही देखणी. मेंढीच्या रक्तपेशींच्या थरावर संकरित पेशी ठेवायच्या. प्रतिपिंड योग्य असेल तर पेशीभोवती रक्तपेशी फुटून स्वच्छ वर्तुळ उमटतं. कोलर संध्याकाळी तळघरातल्या प्रयोगशाळेत पत्नीला सोबत घेऊन गेला. बशा रिकाम्या निघतील, मग कंटाळा तरी येऊ नये, असा हिशेब होता. बशीत वर्तुळंच वर्तुळं दिसली.

'नेचर'मध्ये लेख ७ ऑगस्ट १९७५ रोजी आला. यानंतरचा भाग विजयकथा सांगणारे सहसा गाळतात. काही महिने प्रयोग जमेनासाच झाला. तीच माणसं, त्याच पेशी, पण संकर काही होईना. मिलस्टाइन यांच्या गटातल्या जोव्हानी गाल्फ्रे यांनी चिकाटीने एकेक गोष्ट तपासली तेव्हा दोष एका रसायनाच्या साठ्यात सापडला. तो पेशींना विषारी ठरत होता. पुढे विषाणूच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल आलं आणि कृती इतर प्रयोगशाळांच्या हाती बसू लागली.

पेटंटचा किस्सा जास्त प्रसिद्ध आहे. मेडिकल रिसर्च कौन्सिलने हा शोध पेटंटचं काम पाहणाऱ्या सरकारी महामंडळाला कळवला आणि त्यांनी १९७६ मध्ये उत्तर दिलं की याचा तातडीने काही व्यावहारिक उपयोग दिसत नाही. लेखाच्या शेवटच्या वाक्यात लेखकांनी वैद्यकीय व औद्योगिक उपयोगाची शक्यता स्वतःच नोंदवली होती, तरीही. मग केंब्रिजहून पेशी मिळालेल्या हिलरी कोप्रोव्स्की यांच्या अमेरिकी गटाने विषाणू आणि ट्यूमरविरुद्धच्या प्रतिपिंडांची पेटंटं मिळवली, तेव्हा ब्रिटनमध्ये बराच गदारोळ झाला. हानी झाली खरी. पण मिलस्टाइन मागेल त्याला पेशी पाठवत आणि तंत्र इतक्या झपाट्याने पसरलं ते त्यामुळेच, हेही तितकंच खरं. रक्तगटाची अँटी-ए याच केंब्रिजच्या वर्तुळातून १९८०च्या सुमारास आली. १९८४ मध्ये मिलस्टाइन, कोलर आणि नील्स येर्ने यांना नोबेल मिळालं.

औषध म्हणून मात्र वाट लांबची निघाली. पहिलं मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातल्या प्रतिपिंडाचं, औषध १९८६ साली अमेरिकेत मंजूर झालं, रोपण केलेली किडनी शरीराने नाकारू नये यासाठी. पण ते उंदराचं प्रथिन होतं आणि रुग्णाचं शरीर त्याच्याचविरुद्ध प्रतिपिंडं करू लागे. मिलस्टाइन यांच्याच संस्थेतल्या ग्रेग विंटर यांनी उंदराच्या प्रतिपिंडाची फक्त चिकटणारी टोकं मानवी प्रतिपिंडावर बसवली. रिटुक्सिमॅब (१९९७) आणि ट्रास्टुझुमॅब (१९९८) ही त्यानंतरची, आज कर्करोग रुग्णालयांत रोज उच्चारली जाणारी नावं.

या शोधाचा पुण्याशी असलेला धागा कुत्र्याच्या चाव्यातून जातो. जखम खोल असेल, तर लशीचा परिणाम सुरू होईपर्यंत जखमेतच तयार प्रतिपिंड टोचावं लागतं. ते वर्षानुवर्षं घोड्यांच्या किंवा माणसांच्या रक्तद्रवातून येत आलं आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेच्या मासबायोलॉजिक्ससोबत रेबीजविरोधी मोनोक्लोनल विकसित केलं आणि २०१६ मध्ये भारतात त्याला परवानगी मिळाली. मूळ प्रतिपिंड मिळालं होतं ते मानवी जनुकं घातलेल्या उंदरांच्या हायब्रिडोमातून. स्टडफार्मच्या घोड्यांपासून रक्तद्रव काढत १९६६ साली सुरू झालेल्या कंपनीने घोड्याला पर्याय द्यावा, यात गंमत आहेच.

मिलस्टाइन स्वतः या व्यापारापासून दूर आणि मूळ प्रश्नापाशीच होते. आपलं नवं साधन त्यांनी पुन्हा त्याच कामाला जुंपलं. उंदराला एकच प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो पदार्थ, वारंवार टोचून, दर टप्प्यावर हायब्रिडोमा करून, क्लाउडिया बेरेक यांच्यासोबत त्यांनी प्रतिपिंडांच्या जनुकांत चुका कशा साठत जातात आणि त्यांतून अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं कशी निवडली जातात, हे पायरीपायरीने वाचलं. चुका करणारं एन्झाइम, एआयडी, क्योटोत तासुकू होंजो यांच्या गटाने शोधलं. ते थेट डीएनएच्या अक्षरावर घाव घालतं आणि पुढची चूक दुरुस्तीच्या वेळी होते, याचा पुरावा त्याच केंब्रिज प्रयोगशाळेतल्या मायकेल न्यूबर्गर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दिला. तो लेख जुलै २००२ मध्ये आला. मिलस्टाइन २४ मार्चला गेले होते.