कळंबोलीपासून पुढे: अपघाताची जागा तपासताना

पनवेलजवळच्या कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा यशवंतराव चव्हाण मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा. २००२ मध्ये पूर्ण झालेला. २०१६ साली त्यावर १५१ जण दगावले. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा शून्य-मृत्यूचा उपक्रम हाती घेतला.

‘चालकाची चूक’ असा शेरा मारून फाइल बंद करायची नाही, हे त्याचे खरे वेगळेपण. गाडी कशावर आदळली? कठडा कुठे तुटला होता? बंद पडलेला ट्रक लेनमध्ये उभा का होता? उत्तरे मिळतील तशी दुरुस्ती झाली: उघड्या खांबांपुढे क्रॅश बॅरिअर, ठळक फलक, पोलिसांची कारवाई, जखमींना लवकर उपचार. २०२० मध्ये मृत्यू ६६ वर आले. (त्या वर्षी टाळेबंदी होती, तेव्हा आकडा जपूनच वाचावा.) जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची वाहतूक व्यवस्थापन यंत्रणाही (आयटीएमएस) नजर ठेवून आहे.

पनवेलहूनच कोकणात उतरणाऱ्या महामार्गाच्या पळस्पे–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले. अपघाताच्या जागेची अशी तपासणी तिथे अधिक निकडीची आहे.