मीडियम वेव्ह, राजवाडा आणि जाखडी

जॅझ ऐकायचा तर एकेकाळी शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका धरावं लागे. विलिस कॉनोव्हर तिथे १९५५पासून जॅझचा तास सादर करत. रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र मात्र मीडियम वेव्हवरचं: १९७७चं, ११४३ किलोहर्ट्झवरचं. डोंगरदऱ्यांत मीडियम वेव्हच बरी: एफएमच्या लहरी डोंगराआड अडतात, हिच्या जमिनीला धरून दूर जातात.

याच रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१०मध्ये राजवाडा बांधला. राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. त्याच आवारात ‘आर्ट सर्कल’ ही संस्था संगीत महोत्सव भरवते. जाखडी या कोकणातल्या लोकनृत्याला एवढा थाट लागत नाही. गणपतीत अंगण पुरतं: गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात, नाचणारे घुंगरू बांधून भोवती फेर धरतात.