लुगडं, कातरण आणि वऱ्हाडी सुई

वऱ्हाडात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते, पऱ्हाटी उपटून रचलेली असते आणि मृग लागेपर्यंत बायकांच्या हातांना शेतात फारसं काम नसतं. अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही. मग ओसरीवर जुनं नऊवारी अंथरायचं, कोपऱ्यांवर तांबे ठेवायचे, मध्ये धोतराची पानं आणि विटलेल्या चादरींचे थर लावायचे आणि वरून दुसरं लुगडं घालायचं. आधी लांब लांब कच्चे टाके. मग कडेपासून धावदोरा. एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, अशा फेऱ्या घेत सुई मध्यावर पोचते. शिवणारी त्याच कापडावर बसलेली असते. दोन शेजारणी दोन बाजूंनी बसल्या तर काम निम्म्या दिवसांत होतं, पण जाणकार डोळ्यांना दोन हातांचे टाके वेगळे ओळखू येतात.

हा पांढऱ्या सोन्याचा मुलूख. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस अडल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. १८७० मध्ये खामगावपर्यंत आणि पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो गाठी वाहून नेण्यासाठीच. कापूस असा गाडीगाडीने बाहेर जात होता आणि पिकवणाऱ्याच्या घरात कापड मात्र मोजून येत होतं. वऱ्हाडातल्या हस्तकलेचं मूळ मला या विसंगतीत दिसतं. चिंधीतून वस्तू करणं हा इथे फावल्या वेळेचा छंद नव्हता, तो घरखर्चाचा हिशेब होता.

त्या हिशेबात लुगड्याची एकेक पायरी ठरलेली असे. मध्ये विरलं की तो भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे, म्हणजे दांड घालायचा. आणखी झिजलं की कापूस वेचताना कमरेला बांधायची झोळी. मऊ झालेला पदर बाळंतिणीसाठी राखून ठेवायचा, कारण नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते. त्याची दुपटी आणि झबली व्हायची. खणाच्या तुकड्याची कुंची. लांब चिंधी पिळून डोक्यावरच्या घागरीसाठी चुंबळ. बाकीचं वाकळीत, आणि वाकळही फाटली तर तिचं पोतेरं. रंगांची निवड हाताशी काय उरलं आहे यावर व्हायची. तरीही जुन्या वाकळी पाहिल्या की हिरव्याशेजारी लाल, काठाशेजारी काठ असं जुळवणारी नजर लपत नाही. ही नजर कोणी शिकवली नव्हती आणि तिला कोणी कला म्हटलं नव्हतं.

अशीच गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीची आहे. तीही कापसाची जमीन. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या लेकीसुनांनी शेतातले फाटके कपडे जोडून तिथे गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. वऱ्हाडच्या वाकळीला अजून भिंत मिळालेली नाही.

खरं तर चिंधीला सर्वांत मोठा मान याच मातीतल्या माणसाने दिला. गाडगेबाबा १८७६ साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावात परिटाच्या घरी जन्मले. धुतलेल्या कापडाची किंमत जाणणाऱ्या घरातला हा मुलगा पुढे आयुष्यभर ठिगळांचं वस्त्र घालून हिंडला. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. गरिबाची लाज समजली जाणारी गोष्ट त्यांनी उघड अंगावर वागवली. १९५६ मध्ये ते गेले. त्यांची समाधी अमरावतीत आहे.

शहरातली सुई वेगळ्या वाटेने गेली. अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांत तिचं प्रदर्शन लग्नातल्या रुखवतावर मांडलं जाई. मॅटीवर फुलीच्या टाक्याने भरलेली मोरांची जोडी, क्रोशाचे रुमाल, उरलेल्या लोकरीचं तोरण, फुटक्या बांगड्यांच्या काचा चिकटवून केलेली फ्रेम, आइस्क्रीमच्या काड्यांचं देऊळ. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाने त्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे नाव दिलं. या वस्तूंना कोणी भोळसट म्हणून हसतं तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या मुलीला स्वतःच्या लग्नात बोलायला फारशी मुभा नव्हती, तिची हुशारी त्या टेबलावर पाहुण्यांसमोर येत होती. आता रुखवत भाड्याने मिळतं. मांडणी नेटकी असते, पण त्यात नवरीचा हात नसतो.

तांड्यांवरचं भरतकाम या सगळ्याहून समृद्ध. बार्शीटाकळी-पातूरकडे आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात बंजारा बायकांनी फेटिया (घागरे) आणि कांचळी (चोळ्या) आरसे, कवड्या आणि दाट टाक्यांनी भरून काढल्या. वस्त्र जीर्ण झालं तरी भरलेला तुकडा टाकायचा नाही, तो कापून दुसऱ्या कापडावर बसवायचा. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, हे चांगलंच झालं. मात्र संग्रहालयाच्या काचेआडचं काम आणि तांड्यातल्या मुलींच्या हातातलं काम यांत अंतर पडत चाललं आहे.

पोळ्याच्या झुली आणि खताची पोती धुऊन शिवलेल्या पिशव्या यांचाही याच कुळात समावेश करायला हवा.

आज अडचण कापडाचीच आहे. पॉलिएस्टरची साडी विरत नाही आणि मऊही पडत नाही. घाम शोषत नसल्याने तिची वाकळ अंगाखाली घेववत नाही. म्हणून बायकांनी तिचे नवे उपयोग शोधले: पट्ट्यांची वेणी घालून, ती गोल गुंडाळत शिवलेलं पायपुसणं, दोऱ्या, पडदे, तोरणं. सुती कातरणीचा साठा मात्र आता दारातच येतो आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत आणि तिथल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. ही कातरण भंगारवाल्याकडे जाण्याआधी बचत गटांना वजनावर, ठरल्या दराने मिळावी अशी अट आत्ताच घालता येईल.

भावाबद्दलही नीट बोललं पाहिजे. ‘जुन्याच कापडाची तर आहे’ म्हणून गिऱ्हाईक वाकळीचा भाव पाडतं, आणि बचत गटांच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनातही असं ऐकू येतं. कापड फुकटचं असेल तर वस्तूची सगळी किंमत मजुरीची असते. वाकळ उलटून पाहावी. टाक्याटाक्यांत फट असेल आणि टाके थोडे कमीजास्त असतील तर ती हाताची, आणि त्या टाक्यांमागे कित्येक दुपारी आहेत.

गाडगेबाबांच्या नावाने अमरावतीत विद्यापीठ आहे. त्याने जुन्या वाकळी गोळा करायला घ्याव्यात. प्रत्येकीसोबत गाव, शिवणारीचं नाव, टाक्याची पद्धत आणि आत कोणाकोणाचं कापड गेलं आहे हे लिहून घ्यावं. हे सांगू शकणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा सुरुवात येत्या उन्हाळ्यातच व्हायला हवी.