चाक चमकतं, छातीचं काय?
भोकरदनहून आपली पोरं जालन्याला, वाळूजला कामाला जातात. कुणी गाडीच्या अलॉय व्हीलला पावडर कोटिंग करतं. जुना रंग काढायला वाळूचा मारा केला, की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. टीबीचा धोकाही वाढतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. मालकाकडे मागा: वाळूऐवजी सिलिका नसलेला माल, मारा बंद पेटीत, धूळ ओढणारा पंखा, ताजी हवा पुरवणारं हेल्मेट. खोकला राहिला, दम लागला, तर डॉक्टरांना आधी काम काय करता ते सांगा. कायद्याच्या रोगयादीत सिलिकोसिस आहे. ईएसआय कार्ड जपून ठेवा; उपचार आणि भरपाई हा हक्क आहे, उपकार नाही.